तंबाखू, मिश्री, सुपारी सोडताना मनाची काळजी कशी घ्यावी

तंबाखूच्या पुडीवरील चित्र तोंडाच्या कर्करोगाचे असते आणि गावातील आरोग्य शिबिरात डॉक्टर बॅटरीच्या उजेडात गालाच्या आतील पांढरा चट्टा शोधतात. ही तपासणी आवश्यकच आहे. परंतु तंबाखू मळणारा, मिश्री लावणारी किंवा खर्रा खाणारा माणूस सवय सोडायला निघतो, तेव्हा बहुतेक वेळा तो अडतो मनापाशी. दुसऱ्या दिवशी त्याला कशातच करमत नाही, तिसऱ्या दिवशी तो मुलांवर खेकसतो, रात्री झोप लागत नाही, आणि घरातीलच कोणीतरी वैतागून म्हणते की, ‘‘खा बाबा एकदाची, पण डोके शांत ठेव.’’ मनाचे हे दुखणे कुठून येते आणि किती दिवस टिकते, हे आधी ठाऊक असेल तर ते सोसणे पुष्कळ सोपे होते. पुढील मार्गदर्शन त्यासाठी आहे. ते सवय असलेल्या व्यक्तीने वाचावे आणि तिच्यासोबत राहणाऱ्यांनीही वाचावे.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः चघळण्याचा आणि दातांना लावण्याचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. असे असूनही सवय सोडण्याविषयीचा पुष्कळसा सल्ला सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो आणि तो चंची बाळगणाऱ्या शेतकऱ्याला किंवा चुलीपाशी मिश्री भाजणाऱ्या बाईला लागू पडत नाही.

मन शांत होते म्हणजे नेमके काय होते

तळहातावर तंबाखू घेऊन अंगठ्याने चुना मळला जातो, त्याला रासायनिक कारण आहे. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी बनते, त्यातील निकोटीन मोकळे होते आणि हिरड्यांच्या व गालाच्या नाजूक त्वचेतून रक्तात चटकन शिरते. सिगारेटमधील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि लवकर उतरते. ओठाखाली धरलेल्या तंबाखूच्या बारातून मात्र ते सावकाश चढते आणि बराच वेळ रक्तात राहते. म्हणून दिवसभर बार बदलत राहणाऱ्या माणसाचा मेंदू निकोटीनशिवाय फार थोडा वेळ असतो.

रक्तातील निकोटीन साधारणपणे दोन तासांत निम्म्यावर येते. रोजच्या वापराने मेंदूतील निकोटीन ग्रहण करणाऱ्या पेशीभागांची संख्या वाढलेली असते, त्यामुळे पातळी उतरू लागली की ते सारे एकदम मागणी करू लागतात. माणूस अस्वस्थ होतो, कामात लक्ष लागत नाही, कोणी काही विचारले तरी राग येतो. ही अवस्था त्याला ‘टेन्शन’ म्हणून जाणवते, आणि टेन्शनला कारण शोधायचे म्हटले तर ते आयुष्यात कुठेही सापडते: सोसायटीचे कर्ज, पावसाने दिलेली ओढ, साहेबांचे बोलणे. मग बार भरला जातो, काही मिनिटांत मन निवते आणि श्रेय तंबाखूला मिळते. तिने जी बेचैनी शमवली तिचा मोठा भाग तिनेच दोन तासांपूर्वी पेरलेला होता, हे लक्षात येत नाही. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि सवय सोडण्याची सारी तयारी ही गोष्ट स्वतःच्या अनुभवातून पटण्यापासून सुरू व्हायला हवी.

सुपारीचा मार्ग थोडा वेगळा आहे. तिच्यातील अरेकोलीन हे द्रव्य मज्जासंस्थेला उत्तेजित करते. अंगात ऊब येते, घाम फुटतो, तरतरी वाटते, लाळ सुटते. सवय नसलेल्याला सुपारी ‘लागते’ तेव्हा छाती धडधडते, डोके गरगरते, घशाशी आवळल्यासारखे होते. ज्याला आधीच चिंतेचा विकार आहे, त्याच्या बाबतीत शरीरातील हीच लक्षणे भीतीचा झटका सुरू करू शकतात, कारण धडधड आणि घाम ही त्याच्या मनाने धोक्याची खूण म्हणून शिकून ठेवलेली असते. खर्रा किंवा मावा यांत सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले असतात, म्हणजे मेंदूवर दोन उत्तेजके एकाच वेळी काम करतात. ‘साधी सुपारीच तर खातो’ हे म्हणणे म्हणूनच मान्य करता येत नाही. सुपारीचीही सवय जडते, सोडताना तिचीही तलफ येते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले आहे.

झोप आणि भूक यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही, पण मनाची घडी पुष्कळदा तिथेच विस्कटते. निकोटीन जागे ठेवणारे द्रव्य आहे. गालात बार ठेवून झोपण्याची सवय असलेल्यांची झोप उथळ राहते, आणि जे तसे करत नाहीत त्यांची पातळी रात्रभरात उतरल्यामुळे ते पहाटे अस्वस्थपणे जागे होतात. भुकेची बाब स्त्रियांमध्ये विशेष दिसते. सकाळी तव्यावर भाजून कुटलेली मिश्री दातांना लावली की भूक मरते. मग चहावर अर्धा दिवस जातो, दुपारी उरलेसुरले खाल्ले जाते, आणि संध्याकाळी येणारा थकवा, डोकेदुखी व रडू येणे यांचे खापर ‘नशिबावर’ किंवा ‘वयावर’ फुटते. अशा बाईची विचारपूस करताना मिश्री किती वेळा लावता, यासोबत आज काय जेवलात हेही विचारावे.

नैराश्य आणि तंबाखू यांचा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो: उदास माणूस तंबाखूकडे अधिक वळतो, आणि तंबाखूवरील अवलंबन उदासी टिकवून धरायला हातभार लावते. कोणत्या व्यक्तीत कोणती बाजू मोठी आहे हे बाहेरून सांगता येत नाही. ते शोधण्याची एक साधी रीत पुढे दिली आहे.

पहिले काम: आठवडाभर वही लिहिणे

सोडण्याची घाई न करता एक आठवडा नेहमीप्रमाणे खावे, पण प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात: वेळ किती होती, आपण कुठे होतो, खाण्यापूर्वी मन कसे होते, आणि तासाभराने कसे होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातील मुलाने किंवा सुनेने लिहावे. पान साधारणपणे असे दिसते: ‘‘सकाळी ६, चूळ भरण्याआधी, अंग जड, हात थरथरत होते. खाल्ल्यावर बरे. ८ वाजता पुन्हा चिडचिड, कारण काही नाही. १० वाजता बांधावर, शेजारी होता म्हणून घेतली, तलफ नव्हती. दुपारी २, घरात बोलाचाली झाली, लगेच घेतली.’’ या एका पानात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा आणि आठ वाजताची अस्वस्थता केवळ निकोटीन उतरल्याची आहे; दहाची वेळ संगतीची आहे; दोनची वेळ खऱ्या दुःखाची आहे. तिघींवर एकच उपाय चालणार नाही. पहिलीला काळ आणि गरज पडल्यास औषध लागते, दुसरीला जागा बदलणे पुरते, आणि तिसरीला बोलायला माणूस लागतो.

वहीसोबत स्वतःला काही प्रश्न विचारावेत. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागतो का? रस मुद्दाम गिळला जातो का? तापाने अंथरुणावर पडलेले असतानाही खाल्ली जाते का? दिवसातील कोणती वेळ सोडणे सर्वांत जड जाईल, आणि ती सकाळची पहिलीच आहे का? जितकी ‘हो’ अधिक तितके अवलंबन घट्ट, आणि तितकी सुरुवातीपासून वैद्यकीय मदत घेण्याची गरज जास्त. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुसरे काम: तलफ आणि आजार वेगळे करणे

तलफेची उदासी बार भरल्यावर काही मिनिटांत ओसरते आणि दोन-तीन तासांनी परत येते; वहीत तिचा ठेका दिसतो. नैराश्याच्या आजाराला असा ठेका नसतो. दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, झोप आणि भूक यांत मोठा बदल, स्वतःला सतत दोष देणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, ही लक्षणे तंबाखू खाऊनही तशीच राहत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. याचा अर्थ आजार बरा होईपर्यंत तंबाखू चालू ठेवावी असा नाही. सवय सोडल्याने मनाचे आजार बळावतात, ही समजूत अगदी डॉक्टरांमध्येही आढळते. परंतु धूम्रपान सोडणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत काही आठवड्यांनंतर चिंता, नैराश्य आणि ताण कमी झाल्याचे दिसले आहे, आणि ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही तसेच आढळले. चघळण्याच्या तंबाखूचा इतका अभ्यास झालेला नसला, तरी निकोटीन तेच आहे.

मानसिक आजाराची औषधे चालू असलेल्यांनी दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. पहिली, सुपारी किती खातो. तीव्र मानसिक आजारावरील काही औषधांनी अंग कडक होणे, हात थरथरणे असे त्रास होतात आणि ते आवरण्यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी गोळी दिली जाते. सुपारीतील अरेकोलीन या गोळीच्या नेमके उलट काम करते, आणि भरपूर सुपारी खाणाऱ्या रुग्णांत कडकपणा व थरथर वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दुसरी, तंबाखूसोबत विडी किंवा सिगारेटही ओढतो का. धुरातील घटक यकृताला क्लोझापीन व ओलान्झापीन ही औषधे लवकर निकामी करायला लावतात. धूर थांबला की त्याच मात्रेत औषधाची रक्तातील पातळी वाढते आणि मात्रा बदलावी लागू शकते. केवळ चघळणाऱ्याच्या बाबतीत हा परिणाम होत नाही. सवय सोडण्याच्या उत्साहात मानसिक आजाराची गोळी मात्र कोणीही आपल्या मनाने बंद करू नये.

तिसरे काम: दिवस ठरवणे आणि पहिले तीन आठवडे निभावणे

वही भरल्यानंतर एक तारीख ठरवावी. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याचा आठवडा, मुलीचे लग्न, परीक्षा, घरातील दुखवटा अशा दिवसांत सुरुवात करू नये. मात्र दर वेळी काही ना काही अडचण काढून तारीख पुढेही ढकलू नये. आषाढी एकादशीला किंवा माळ घालताना संकल्प करण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि दहा जणांसमोर घेतलेल्या शब्दाचे बळ मोठे असते, म्हणून ती चांगलीच आहे. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. माळेबरोबर दारूही सुटते, आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा व्यक्तीने दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी.

आदल्या दिवशी चंची, डबी, मिश्रीचा डबा, उशीखालची पुडी हे सर्व घराबाहेर जायला हवे. ‘एक पुडी असू द्या, धीर राहतो’ हे म्हणणे ऐकू नये. तंबाखू बंद केल्यावर काही तासांतच चिडचिड, चिंता, एकाग्रता न होणे, झोप बिघडणे, भूक वाढणे आणि मन खट्टू होणे सुरू होते. हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. घरातल्यांना या तारखा आधीच सांगून ठेवाव्यात. तिसऱ्या दिवशी नवरा ताट सारून उठला तर तो त्याच्या स्वभावाचा निकाल नाही, एवढे पत्नीला आधीच ठाऊक असेल तर भांडण टळते. अर्थात हात उगारणे किंवा शिवीगाळ यांना तलफेचे कारण कधीही मान्य करू नये.

एकेक तलफ काही मिनिटांची असते. ती आली की जागा सोडावी, पाणी प्यावे, चार पावले चालावे, लांब श्वास सावकाश सोडावेत. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, ओवा, भाजलेले तीळ, वाळवलेला आवळा खिशात ठेवावा. गोड सुपारी, तपकीर आणि मिश्री हे पर्याय नव्हेत. तंबाखू सोडून मिश्री लावणे म्हणजे तेच निकोटीन दुसऱ्या वाटेने घेणे आहे. मिश्री न लावल्यास पोट साफ होत नाही ही तक्रार खरी असते, कारण निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते. तिच्यासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी व भाकरी आणि गरज पडल्यास काही दिवस डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक पुरते. एका वयस्क बाईंची मिश्री पुन्हा पुन्हा सुरू होत होती, त्यामागे केवळ हेच कारण निघाले. तोवर सर्वांनी त्यांना मनाच्या निर्धाराचे धडे दिले होते.

निकोटीनचे च्युइंगम वापरायचे तर त्याची रीत नीट शिकून घ्यावी. ते सतत चघळले तर निकोटीन पोटात जाते, उचकी लागते, मळमळते आणि माणूस ‘मला मानवत नाही’ म्हणून ते टाकून देतो. सावकाश चावावे, तिखट झिणझिणी जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावे, झिणझिणी गेली की पुन्हा थोडे चावावे. बार धरण्याची सवय असलेल्यांना हे खरे तर लवकर जमते. त्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी घेऊ नये, कारण अशा आम्लधर्मी पेयांमुळे निकोटीन नीट शोषले जात नाही. खर्रा, मावा किंवा सुपारीमुळे ज्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही त्यांना च्युइंगम चावता येत नाही. त्यांनी डॉक्टरांना त्वचेवर लावायच्या पट्टीविषयी विचारावे आणि तोंडाचीही तपासणी करून घ्यावी. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लीन ही तलफ कमी करणारी औषधे डॉक्टर देतात. फिट येण्याचा आजार असलेल्यांना बुप्रोपिऑन चालत नाही. ही औषधे मन बिघडवतात अशी भीती पूर्वी होती, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांवरील चाचणीत निकोटीनच्या पट्टीच्या तुलनेत मानसिक दुष्परिणामांत लक्षणीय वाढ आढळली नाही.

मध्येच एकदा खाल्ली गेली तर ती कोणत्या वेळी, कोणासोबत, कोणत्या मनःस्थितीत खाल्ली हे वहीत लिहावे आणि त्याच दिवशी पुन्हा थांबावे. घरच्यांनी टोमणा मारू नये. लपवून खाणे तिथूनच सुरू होते. तीन आठवडे उलटल्यावर वहीचा शेवटचा उपयोग करावा. ज्या वेळा पूर्वी दुःखाच्या किंवा भांडणाच्या होत्या त्या अजूनही तशाच जड जात असतील, तर त्या प्रश्नाला आता तंबाखूच्या आडोशाशिवाय सामोरे जायचे आहे आणि त्यासाठी समुपदेशक शोधावा. महिन्यानंतरही उदासी उतरली नसेल तर तिला तलफ म्हणणे थांबवावे आणि उपचार घ्यावेत.

मदत कुठे आणि केव्हा

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर आहे. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून काम करीत आहे, आणि गडचिरोलीत खर्रा व दारू यांविरुद्ध ‘मुक्तिपथ’ हे अभियान गावपातळीवर चालवले गेले आहे.

काही प्रसंगी वही, बडीशेप आणि धीर यांवर विसंबून राहू नये. मरणाची भाषा, निरवानिरवीचे बोलणे, कीटकनाशकाच्या डब्याकडे किंवा दोराकडे वळणारी नजर दिसली तर त्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये, फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, आणि ‘तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का’ असे सरळ विचारावे. असे विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. आसपास कोणी नसताना माणसांचे बोलणे ऐकू येणे, कोणी आपल्या वाईटावर टपले आहे असा पक्का संशय, दोन-तीन रात्री अजिबात न झोपता बडबड व येरझारा, दिवस-वेळेचे भान सुटणे ही तंबाखू सोडल्याची लक्षणे नाहीत. ती दिसली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्यावे, आणि जाताना रोजच्या सर्व गोळ्या, तंबाखू-सुपारी किती व केव्हापासून बंद आहे याची नोंद असलेली वही आणि शेवटची दारू केव्हा घेतली ही माहिती सोबत न्यावी.